दोनशे ऐंशीवर थांबलेली गाडी: होंडा एनएसएक्सचं प्रकरण

फेब्रुवारी १९८९. जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर मॅक्लारेनचा चमू होंडाचं इंजिन बसवलेली नव्या हंगामाची फॉर्म्युला वन गाडी तपासत होता. आयर्टन सेन्ना आदल्याच वर्षी पहिल्यांदा जगज्जेता झालेला. होंडाच्या इंजिनिअरांनी संधी साधली आणि अजून बाजारात न आलेली आपली स्पोर्ट्स कार त्याच्यासमोर उभी केली. सेन्नाने चकरा मारल्या, खाली उतरला आणि जे बोलला त्याचा मथितार्थ असा: सर्वसामान्यांसाठी बनणाऱ्या गाडीबद्दल मी काय सल्ला देणार, पण मला ही जराशी नाजूक वाटते.

त्या वर्षीची फॉर्म्युला वन गाडी सहाशेच्या पुढच्या अश्वशक्तीची होती. तिच्यातून उतरलेल्या माणसाने रस्त्यावरच्या गाडीला "इंजिन कमी पडतंय" म्हटलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्याने बोट ठेवलं ते सांगाड्यावर. होंडाने ते मनावर घेतलं, पुढचे सात-आठ महिने गाडीचं अंग बळकट करण्यात घालवले आणि त्यातून एनएसएक्स नावाची गाडी तयार झाली. ती १९९० ते २००५ अशी पंधरा वर्षं बनत राहिली. या पंधरा वर्षांत तिच्याभोवती सगळे अश्वशक्ती वाढवत गेले आणि ती जवळपास आहे तिथेच उभी राहिली. ताकद मोठी की तोल, हा गाडीवेड्यांचा जुना वाद. त्यासाठी याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही, कारण इथे दोन्ही बाजूंचा निकाल लागला आणि दोन निकाल एकमेकांच्या उलट लागले.

होंडाला नेमकं काय हवं होतं

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात होंडाने इंजिन मध्यभागी असलेल्या स्पोर्ट्स कारचं काम हाती घेतलं, तेव्हा समोर मापदंड होता फेरारी ३२८. तिचं ३.२ लिटरचं व्ही-८ इंजिन सुमारे २७० अश्वशक्ती देई. ती देखणी होती आणि आवाजाने जीव घेणारी होती. पण रोज वापरायची म्हटली तर मालकाच्या संयमाची परीक्षा बघणारी. क्लच जड, बसायची ठेवण तिरकी, गिअर थंडीत रुसणारा. शिगेरू उएहारा यांच्या हाताखालच्या चमूने ठरवलं की फेरारीइतकी चपळ गाडी करायची, पण ती चालवायला सर्कशीतला माणूस लागता कामा नये.

आता इथे दोन वाटा होत्या. मोठं इंजिन घालून आकड्यात फेरारीला मागे टाकायचं, ही सोपी वाट. टर्बोवर तर होंडाचा फॉर्म्युला वनमध्ये हातखंडा होता. दुसरी वाट वजनाची, आणि होंडाने तिथे पैसा ओतला. संपूर्ण मोनोकॉक, म्हणजे गाडीचा सांगाडा आणि बॉडी एकजीव असलेली रचना, अॅल्युमिनियमची केली. कारखान्यात रांगेने बनणाऱ्या गाडीत हे तोवर कुणी केलं नव्हतं. अॅल्युमिनियमला वेल्डिंग करणं पोलादापेक्षा अवघड, दाबून आकार देताना ते फाटतं, रंगाची प्रक्रियाही वेगळी. या एका गाडीसाठी तोचिगीत वेगळा कारखाना उभारला आणि निवडक अनुभवी कामगार तिथे नेले. हाती काय लागलं? एकट्या बॉडीत सुमारे १४० किलोंची बचत. सस्पेन्शनचे आर्मही घडीव अॅल्युमिनियमचे. तयार गाडी भरली साधारण १,३५० किलो.

गाडीची मांडणी बघितली की या लोकांच्या डोक्यात काय होतं ते कळतं. इंजिन आडवं, मागच्या चाकांच्या आखाच्या थोडं पुढे. पेट्रोलची ७० लिटरची टाकी सीटच्या मागे आणि इंजिनाच्या पुढे, म्हणजे गाडीच्या मध्याजवळ. टाकी भरलेली असो की तळाला गेलेली, पुढच्या-मागच्या चाकांवरची वजनाची वाटणी फारशी हलत नाही. ती वाटणी ४२ टक्के पुढे, ५८ टक्के मागे. पुढचे टायर अरुंद आणि लहान, २०५ मिलीमीटर रुंदीचे, पंधरा इंची रिमवर. मागचे २२५ चे, सोळा इंची. आजच्या एखाद्या बऱ्यापैकी एसयूव्हीचे टायरही याहून रुंद असतात.

नाजूक म्हणजे काय

सेन्नाच्या त्या शब्दाकडे परत येऊ, कारण सगळं प्रकरण त्या शब्दावर उभं आहे.

वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. सस्पेन्शनचं काम असं की त्या ओझ्याखालीही टायर रस्त्यावर सपाट बसला पाहिजे. त्यासाठी चाक किती अंशात कललेलं असावं (त्याला कॅम्बर म्हणतात), वरून पाहिलं तर नाक आत की बाहेर (हा टो), हे सगळं मिलीमीटरच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. पण सस्पेन्शनचे आर्म शेवटी बॉडीलाच बोल्टने जोडलेले. बॉडीच पिळवटायला लागली तर ज्या बिंदूवर हिशेब मांडला तो बिंदूच जागचा हलतो. मग तुम्ही स्प्रिंग बदला, शॉक अॅब्सॉर्बर बदला, अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा) जाड करा, गाडी दर वळणाला वेगळं उत्तर देणार. स्टीअरिंग फिरवल्यावर आधी बॉडी पीळ खाणार आणि मग गाडी वळणार. या मधल्या क्षणभराच्या उशिराला सेन्नासारखा माणूस "नाजूक" म्हणतो. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत बैल कितीही तेज असोत, छकड्याचा आस ढिला असेल तर गाडा सरळ धावत नाही, तसलाच हा प्रकार.

उएहारांचा चमू मग जर्मनीत नुर्बुर्गरिंगला गेला आणि शेजारच्या खेड्यात तळ ठोकून बसला. तिथला जुना नॉर्डश्लायफ ट्रॅक जवळजवळ २१ किलोमीटरचा. सत्तरहून अधिक वळणं, तीनशे मीटरचा चढ-उतार, गाडी हवेत उडेल असे उंचवटे, दाबून तळ घासेल असे खळगे. गुळगुळीत ट्रॅकवर लपून राहणारा सांगाड्याचा दोष इथे पहिल्या चकरेतच उघडा पडतो. पद्धत साधीच: पळवायची, कुठे पीळ बसतो ते शोधायचं, तिथे जोड द्यायचा, पुन्हा पळवायची. अखेरीस गाडीचा ताठरपणा सुमारे ५० टक्क्यांनी वाढला होता आणि वजन मात्र नावापुरतं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. पत्रे ठोकून ताठरपणा कोणीही वाढवील; कुठे ठोकायचं नाही हे समजायला महिने जातात.

मग इंजिनाचं काय

एवढं वाचून होंडाने ताकदीकडे पाठ फिरवली असं वाटेल, तर ते खरं नाही. मूळ बेत साध्या, एकेका कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) व्ही-६ इंजिनाचा होता. काम बरंच पुढे गेल्यावर वरिष्ठांनी विचारलं, की आपल्या छोट्या गाड्यांत व्हीटेक तंत्र (इंजिनाच्या वेगाप्रमाणे झडपांची उघडझाप बदलणारं) येतंय, मग आपल्या सगळ्यात भारी गाडीत का नाही? प्रश्न रास्त होता, पण वेळ अवघड. व्हीटेकसाठी दोन-दोन कॅमशाफ्टचे मोठे सिलिंडर हेड लागणार, ते इंजिनाच्या कप्प्यात मावेनात. इंजिन किंचित मागे कलवावं लागलं, चाकांमधलं अंतर थोडं वाढवावं लागलं. शेवटी २,९७७ सीसीचं इंजिन तयार झालं. त्यात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, आणि इंजिनाच्या फेऱ्यांची लाल रेघ, म्हणजे कमाल मर्यादा, मिनिटाला ८,००० वर. जपानी आवृत्तीत २८० अश्वशक्ती, अमेरिकेत २७०.

२८० हा आकडा मात्र निव्वळ इंजिनिअरिंगचा नाही. त्या काळात जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की देशात विकायच्या गाडीवर २८० च्या वर आकडा छापायचा नाही. लेखी कायदा नव्हता, समजुतीचा मामला होता. म्हणून एनएसएक्सच्या संयमाची आरती ओवाळणाऱ्यांनी जरा जपून ओवाळावी. संयम काही अंशी सक्तीचाही होता.

टायरचा हिशेब

आता थोडं गणित. कंटाळा आला तर हा भाग सोडा, पण वादाचं उत्तर खरं तर इथेच आहे.

कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.९ धरू. ५० मीटर त्रिज्येचं वळण आहे. त्या वळणातून गाडी जास्तीत जास्त किती वेगाने जाईल? घर्षणांक, गुरुत्वाकर्षण आणि त्रिज्या यांचा गुणाकार करायचा, वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटर. या गणितात अश्वशक्ती कुठेच आली नाही. १०० अश्वशक्तीची गाडी असो की हजाराची, या वळणावरचा वेग टायर ठरवतो, आणि चारही टायरना सारखं काम मिळतंय की नाही हे सस्पेन्शन ठरवतं.

बरं, वळण संपलं, सरळ रस्ता आला. आता तरी इंजिनाची पाळी? लगेच नाही. एनएसएक्सची फक्त मागची चाकं ओढतात. गाडी अन् चालक मिळून साधारण १,४२५ किलो. जोरात पिकअप घेताना दोन-तृतीयांशाच्या आसपास वजन मागे जातं असं धरलं, तर मागचे टायर रस्त्याला जास्तीत जास्त जेवढं ढकलू शकतात ती मर्यादा साधारण ८,००० न्यूटनची. गिअरबॉक्समधली गळती वजा जाता इंजिनाची जी ताकद चाकांपर्यंत पोचते, तिला या मर्यादेने भागलं की ताशी ७५ ते ८० किलोमीटरचा वेग मिळतो. म्हणजे त्या वेगाच्या खाली, योग्य गिअरमध्ये, याच "कमी ताकदीच्या" इंजिनाकडे टायर झेपवू शकतात त्याहून जास्त जोर आहे. तिथे अश्वशक्ती दुप्पट केली तर फक्त धूर दुप्पट निघेल.

ताशी ८० च्या वर चित्र पालटतं. टायरला आता ताकद पचवता येते, आणि जसजसा वेग वाढतो तसा वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढत जातो. दीडशे ते अडीचशे या पट्ट्यात इंजिनाला पर्याय नाही. तिथे तोलाच्या कितीही गप्पा मारा, शेजारच्या लेनमधली चारशे अश्वशक्तीची गाडी तुमच्याकडे न बघता निघून जाईल. तेव्हा भांडण ताकद आणि तोल यांचं नसून कुठल्या रस्त्यावर कुठल्या वेगाने चालवणार याचं आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि आंबेनळी घाट या दोन रस्त्यांवर एकाच गाडीची दोन वेगळी परीक्षणं लिहिता येतील.

तोल फुकट मिळत नाही

प्रकरणाचा हा भाग चाहते सहसा सांगत नाहीत.

इंजिन मध्यभागी असलेली गाडी चटकन वळते, कारण तिचं वजन मध्याभोवती गोळा झालेलं असतं. पण जी चटकन वळते ती चटकन फिरतेही. वळणाच्या मध्यात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागचे टायर हलके होतात आणि गाडी मागून सुटते. इंजिनासकट ५८ टक्के वजन मागे, ते एकदा बाहेर फेकलं गेलं की आवरायला फारसा वेळ मिळत नाही. हे टाळण्यासाठी होंडाने मागच्या चाकांना बऱ्यापैकी टो-इन दिला. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची नाकं थोडी आत. याने मागची बाजू शांत राहते. पण चाकं सरळ रस्त्यावरसुद्धा किंचित तिरकी घासत चालतात.

त्यात टायर खास याच गाडीसाठी बनवलेले, मऊ रबराचे. परिणाम व्हायचा तोच झाला. सुरुवातीच्या गाड्यांचे मागचे टायर इतक्या लवकर उडायला लागले की अमेरिकेत मालकांनी एकत्र येऊन दावा लावला. रोज वापरता येणारी सुपरकार म्हणून विकलेली गाडी, आणि टायर मात्र शर्यतीच्या गाडीसारखे झिजणारे! पुढे होंडाने मागच्या चाकांचं अलाइनमेंट बदलून टो-इन कमी केला. टायर जास्त टिकू लागले, आणि जुन्या सेटिंगचे भक्त कुरकुरायला लागले की गाडीतली ती धार गेली. माझ्या मते होंडाचा मूळ निर्णय ट्रॅकवर बरोबर आणि ग्राहकाच्या दारात चुकलेला होता. नुर्बुर्गरिंगला बसून गाडी घडवली की असं होतं. तिथे टायरचं बिल चालक भरत नाही.

१२० किलो

१९९२ च्या अखेरीला होंडाने फक्त जपानसाठी एनएसएक्स-आर (आर म्हणजे रेसिंग) काढली. दुसरी कुठलीही कंपनी अशा नावाच्या गाडीत आधी इंजिन फुगवते. इथे आकडा तोच राहिला, २८०. वजन मात्र १,३५० वरून १,२३० वर आलं.

आवाज अडवणारे थर काढले. म्युझिक सिस्टीम काढली. स्टेपनी काढली. एअर कंडिशनर ज्याला हवा त्याने वेगळे पैसे देऊन घ्यावा. सीट कार्बन-केव्हलारच्या, रिम घडीव आणि हलके, गिअरचा दांडा पकडायची मूठसुद्धा टायटॅनियमची. इंजिनाच्या आतले पिस्टन आणि रॉड वजनाने जुळवून बसवले, क्रँकशाफ्ट शर्यतीच्या इंजिनासारखा तोलून घेतला. फायनल ड्राइव्हचं, म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधल्या शेवटच्या टप्प्याचं, गुणोत्तर आखूड केलं. पण सगळ्यात मोठं काम सस्पेन्शनवर झालं: स्प्रिंग कडक, आणि पुढचा अँटी-रोल बार जाड. पुढचा बार जाड केला की मर्यादेवर पुढचे टायर आधी सुटतात आणि मागचे धरून राहतात. ज्या मागून सुटण्याची भीती होती ती अशी कमी झाली, आणि हात बसलेला चालक बेधडक अॅक्सिलरेटर दाबू शकला.

१२० किलो काढण्याचा अर्थ काय होतो ते बघा. निव्वळ पिकअपच्या हिशेबाने, जुन्या वजनावर तेवढाच परिणाम हवा असता तर साधारण २७ अश्वशक्ती वाढवावी लागली असती. फार नाही. पण ती वाढीव २७ अश्वशक्ती फक्त सरळ रस्त्यावर कामाला आली असती. कमी केलेलं वजन ब्रेक मारतानाही कामाला येतं: ताशी २०० वरून थांबताना ब्रेकना पचवावी लागणारी ऊर्जा जवळपास नऊ टक्क्यांनी घटते, आणि हे दर वळणाच्या आधी. वळणावरही येतं, कारण टायरचा एक विचित्र स्वभाव असा की त्याच्यावर ओझं दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे मघाच्या गणितात घर्षणांक ०.९ असा ठोक धरला ती माझी सोय होती. खरा टायर हलक्या गाडीला थोडं झुकतं माप देतो. शिवाय टायर कमी तापतात, म्हणून पाचव्या चकरेतही पहिल्या चकरेसारखे वागतात.

अशा गाड्या बनल्या फक्त ४८३. आज त्यांच्या किमती ऐकल्या तर पोटात गोळा येतो.

७ मिनिटं ५६ सेकंद

२००२ मध्ये एनएसएक्स-आर पुन्हा आली. इंजिन आता ३.२ लिटरचं, कागदावर अजूनही २८०. आत प्रत्यक्षात थोडं जास्त होतं असं जाणकार मानतात, आणि त्या काळातल्या बऱ्याच जपानी गाड्यांबद्दल हे मानलं जातं. वजन १,२७० किलो. या वेळी काम हवेवर केलं. कार्बन फायबरच्या बॉनेटमध्ये हवा बाहेर पडायचा झरोका, पोटाखाली हवेला दिशा देणारी पाती, मागे स्पॉयलर. उद्देश असा की वेग वाढला की पुढचं आणि मागचं दोन्ही टोक हवेने रस्त्यावर दाबलं जावं. नुसता मागे मोठा स्पॉयलर लावला तर वेगात पुढचं टोक हलकं होतं आणि स्टीअरिंग पोकळ लागतं. म्हणजे तोलाचाच विचार, फक्त स्प्रिंगऐवजी हवेने.

मोतोहारू कुरोसावा या जुन्याजाणत्या चालकाने ती नॉर्डश्लायफवर ७ मिनिटं ५६ सेकंदांत फिरवली. सरासरी वेग ताशी दीडशेच्या वर. याच सुमाराची फेरारी ३६० चॅलेंज स्ट्रादाले ४२५ अश्वशक्तीची. तीही एका जर्मन मासिकाच्या चाचणीत जवळजवळ त्याच वेळेत फिरली. दोन वेगळे चालक, वेगळे दिवस, वेगळं हवामान, म्हणून सेकंदाची बरोबरी देव्हाऱ्यात ठेवण्यात अर्थ नाही. तरी जवळपास दीडशे अश्वशक्तींचा फरक २१ किलोमीटरमध्ये दिसू नये, ही गोष्ट हवामानावर ढकलून चालत नाही. त्यातही या ट्रॅकच्या शेवटी दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, जिथे फेरारीने नक्कीच अंतर कापलं असणार. म्हणजे उरलेल्या वळणांत होंडाने ते भरून काढलं.

शोरूमचा निकाल

ट्रॅकवर एवढं सगळं, आणि दुकानात?

१९९४ मध्ये फेरारीची एफ३५५ आली, ३८० अश्वशक्तीची. तिच्या आधीच्या ३४८ वर फेरारीचे प्रमुख लुका दि मॉन्टेझेमोलो स्वतःच खूश नव्हते. एनएसएक्सने तिची अब्रू घेतली होती असं म्हणायला हरकत नाही. एफ३५५ ने ती परत मिळवली. तिचं चॅसिसही चांगलं होतं, म्हणजे धडा बरोबर घेतला होता, आणि वर शंभर अश्वशक्ती जास्त. १९९५ मध्ये पोर्शची ९११ टर्बो आली ४०८ अश्वशक्ती घेऊन, चारही चाकांना ओढ देत. १९९९ मध्ये फेरारी ३६० मोडेना, ४००. एनएसएक्सची किंमत दरम्यान वाढत गेली होती, पण अमेरिकेतला आकडा २७० वरून २९० वर सरकला, तोही १९९७ मध्ये, ३.२ लिटरचं इंजिन आणि सहा गिअर दिल्यावर.

आणि मग होंडाने स्वतःच्या हाताने एक गोष्ट केली जी मला अजून उमगत नाही. १९९५ पासून अमेरिकेत ही गाडी जवळपास फक्त काढता येणाऱ्या छताची मिळू लागली. ज्या बॉडीच्या ताठरपणासाठी जर्मनीतल्या खेड्यात महिनोन्महिने मुक्काम केला, तिच्याच डोक्यावरचा आधार कापला. मग तो पुन्हा ताठ करायला जोड द्यावे लागले, वजन वाढलं. ग्राहकांना वारा हवा होता, असं त्याचं उत्तर असावं. विक्री सुरुवातीला वर्षाला हजारांत होती. शेवटच्या वर्षांत अमेरिकेत ती दोन-तीनशेवर आली. पंधरा वर्षांत सगळ्या जगात मिळून १८ हजारांच्या आसपास गाड्या.

याचं कारण फार खोल नाही. अश्वशक्ती जाहिरातीत छापता येते, मित्राला फोनवर सांगता येते, दोन गाड्यांच्या रकान्यांत शेजारी-शेजारी मांडता येते. तोल कळायला गाडी चालवावी लागते, तीही घाटात आणि जरा जोरात. एवढ्या किमतीच्या गाड्यांतल्या बहुतेक गाड्या उभं आयुष्य शहरातल्या सिग्नलवर काढतात. तिथे ग्राहकाने रकाना वाचून निर्णय घेतला तर त्याला मूर्ख कसं म्हणायचं? होंडाची चूक २८० वर थांबण्याची नव्हती. पंधरा वर्षं थांबून राहण्याची होती, आणि त्या काळात किंमत मात्र चढू देण्याची. विशेष म्हणजे जपानी कंपन्यांची ती २८० ची समजूत अखेर मोडली २००४ मध्ये, आणि मोडली होंडानेच. ३०० अश्वशक्तीची लेजंड काढून. चार दारांची, साहेबलोकांची सेडान! एनएसएक्स तेव्हा निरोपाच्या वाटेवर होती.

२०१६ मध्ये नाव परत आलं. टर्बो इंजिन, तीन विजेच्या मोटारी, एकूण ताकद जुन्या गाडीच्या दुपटीहून जास्त आणि वजन चारशे किलोंनी वाढलेलं. मोटारी पुढच्या दोन चाकांना वेगवेगळा जोर देऊन गाडी वळवत, म्हणजे तोलही विजेवर विकत घेतलेला. वेगवान होती यात वाद नाही. २०२२ मध्ये बंद झाली, आणि फार कुणी रडलं नाही.

गॉर्डन मरे यांची मागणी

या प्रकरणात एक माणूस असा आहे ज्याने दोन्ही बाजू एकाच वेळी धरल्या. फॉर्म्युला वनच्या गाड्या घडवणारे गॉर्डन मरे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मॅक्लारेनची रस्त्यावरची गाडी आखत होते, तेव्हा सेन्नाबरोबर होंडाच्या तोचिगीतल्या संशोधन केंद्रात गेले आणि तिथे त्यांनी एनएसएक्स चालवली. पुढे त्यांनी लिहून ठेवलं आहे की त्या क्षणी फेरारी, पोर्श, लॅम्बोर्गिनी हे सगळे मापदंड त्यांच्या मनातून पुसले गेले. रस्त्यावर गाडी कशी वागावी याचं माप त्यांना एनएसएक्समध्ये सापडलं.

पण त्या मापाची गाडी करताना त्यांनी होंडाकडे मागितलं काय? साडेचार लिटरचं, दहा किंवा बारा सिलिंडरचं इंजिन. होंडाने नकार दिला. मरे बीएमडब्ल्यूकडे गेले आणि १९९२ मध्ये लोकांसमोर आलेल्या मॅक्लारेन एफ१ मध्ये ६.१ लिटरचं, ६२७ अश्वशक्तीचं व्ही-१२ बसलं. गाडीचं वजन १,१३८ किलो, एनएसएक्सहून दोनशे किलोंनी कमी. चालकाची सीट गाडीच्या बरोबर मध्यावर.

त्यांनी स्वतःसाठी एक एनएसएक्स विकत घेतली. जवळपास सात वर्षं ती वापरली आणि ७५ हजार किलोमीटर चालवली.